सांडपाणी शुद्ध करणाऱ्या कृत्रिम पाणथळीतील वनस्पतींची वाढ कशी मोजावी

सांडपाणी शुद्ध करण्यासाठी खडी भरून केलेल्या वाफ्यात लावलेली कर्दळ किंवा नळ (पोकळ खोडाचे उंच गवत) काही महिन्यांत माणसाच्या उंचीला येतो आणि नवख्या निरीक्षकाची पहिली नोंद बहुधा 'वाढ उत्तम' एवढीच असते. ही नोंद खोटी नसते, पण तिचा उपयोगही होत नाही. कारण पुढच्या हंगामात दुसऱ्या कोणी 'वाढ बरी' असे लिहिले, तर या दोन नोंदींमध्ये किती किलोचे अंतर आहे हे कोणालाच सांगता येत नाही. वाढीचा अंदाज म्हणजे अमुक क्षेत्रावर, अमुक दोन तारखांच्या दरम्यान, अमुक इतके कोरडे वजन वाढले आणि या आकड्यात चूक असलीच तर ती साधारण इतकी असेल, असे विधान. ते विधान करण्यापर्यंत कसे पोहोचायचे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. मोजपट्टी, वजनकाटा, नमुने वाळवण्यासाठी ओव्हन आणि बेरीज-वजाबाकीपुढे थोडेसे गणित करण्याची तयारी एवढीच सामग्री येथे गृहीत धरली आहे.

पहिली पायरी: प्रश्न ठरवणे

'वाढ' हा शब्द बोलण्यात एक असला, तरी मोजताना त्याचे निदान चार अर्थ होतात: उंची वाढणे, फुटव्यांची संख्या वाढणे, वाफ्याचे क्षेत्र झाकले जाणे आणि कोरडे वजन वाढणे. हे चारही एकाच वेगाने वाढत नाहीत. लागवडीनंतर सुरुवातीला वनस्पती आडवी पसरते, म्हणजे फुटवे आणि झाकलेले क्षेत्र झपाट्याने वाढते; दाटी झाल्यावर फुटव्यांची संख्या थांबते, प्रसंगी कमीही होते, पण उरलेले फुटवे जाड आणि उंच होत असल्यामुळे वजन वाढतच राहते. त्यामुळे केवळ फुटवे मोजणारा माणूस 'वाढ थांबली' असे म्हणेल आणि केवळ वजन पाहणारा 'वाढ जोरात आहे' असे म्हणेल; दोघांचेही आकडे बरोबर असतील.

नव्या वाफ्यात लागवड रुजली की नाही हे पाहायचे असेल, तर फुटव्यांची संख्या आणि झाकलेले क्षेत्र पुरेसे आहे. वनस्पतींनी किती नत्र आणि स्फुरद उचलले हे काढायचे असेल, तर कोरड्या वजनाला पर्याय नाही. कापणीतून किती चारा, खत किंवा इंधन निघेल हा प्रश्न असेल, तर जमिनीवरचा भाग मोजला की भागते. मुळांपर्यंत ऑक्सिजन किती पोहोचतो किंवा खडीतील पोकळी मुळांनी किती भरली, असे प्रश्न असतील तर खालचा भाग टाळता येत नाही. आधी प्रश्न लिहून काढावा आणि मग मोजणीची रीत निवडावी. उलट क्रमाने गेल्यास वहीत आकडे पुष्कळ जमतात, पण हवा तोच नेमका नसतो.

दुसरी पायरी: वाफ्याचे भाग पाडणे आणि जागा निवडणे

पाणथळीचा वाफा एकसारखा नसतो. ज्या वाफ्यात पाणी खडीच्या पृष्ठाखालून आडवे वाहते, त्यात पाणी शिरते त्या टोकाला अन्नद्रव्ये जास्त मिळतात आणि तेथील वाढ बहुधा दाट असते. मात्र सांडपाणी फार तीव्र असेल, तर त्याच टोकाला रोपे पिवळी पडून खुरटलेलीही दिसतात. बाहेर पडण्याच्या टोकाकडे वाढ सहसा विरळ होत जाते. कडेच्या रांगांना उजेड अधिक मिळत असल्याने त्या मधल्या रांगांपेक्षा वेगळ्या वाढतात. म्हणून वाफ्याचा साधा नकाशा काढून लांबीच्या दिशेने त्याचे निदान तीन भाग करावेत, प्रत्येक भागाचे क्षेत्रफळ लिहावे आणि प्रत्येक भागातून स्वतंत्र नमुने घ्यावेत. शेवटी सरासरी काढताना त्या त्या भागाच्या क्षेत्रफळानुसार भार द्यावा. लहान आणि मोठ्या भागांची नुसती सरासरी काढल्यास लहान भागाला नको इतके महत्त्व मिळते. वरून ओतलेले पाणी थेट खाली झिरपते अशा उभ्या वाफ्यात फरक टोकांप्रमाणे नव्हे, तर वितरण नळीच्या छिद्रांपासूनच्या अंतराप्रमाणे पडतो, हे ध्यानात ठेवून तेथे भाग वेगळे पाडावेत.

भागाच्या आत नमुन्याची जागा मात्र डोळ्यांनी निवडू नये. हा नियम सर्वांना ठाऊक असतो आणि जवळपास सर्वच जण तो मोडतात, कारण नमुन्याची जागा आखणारी चौकट हातात असली की ती भरगच्च झुडपाकडे वळते; विरळ जागा 'प्रातिनिधिक नाही' असे वाटून टाळली जाते. नकाशावर अर्ध्या-अर्ध्या मीटरची जाळी आखावी, घरांना क्रमांक द्यावेत आणि यादृच्छिक संख्यांनी घरे निवडावीत. निवडलेल्या घरात एकही फुटवा नसला, तरी शून्य हीदेखील नोंद आहे आणि ती लिहिलीच पाहिजे.

किती चौकटी घ्याव्यात? पहिल्या पाच-सहा चौकटींवरून सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरले आहेत याचे माप) काढावे. समजा प्रमाण विचलन सरासरीच्या ३० टक्के आले आणि अंदाज १५ टक्क्यांच्या आत असावा अशी अपेक्षा आहे. तर ३० ला १५ ने भागून आलेल्या २ ला पुन्हा २ ने गुणावे आणि उत्तराचा वर्ग करावा, म्हणजे सुमारे १६ चौकटी लागतील. हीच अपेक्षा ७.५ टक्क्यांवर आणली, तर चौकटींची संख्या दुप्पट नव्हे, चौपट होते. अचूकतेचा हट्ट किती धरावा हे या एका गुणाकारावरून ठरवता येते.

तिसरी पायरी: चौकट, कापणी आणि वजन

कापून, वाळवून वजन करणे ही सर्वांत कष्टाची आणि सर्वांत भरवशाची रीत आहे. पुढे येणाऱ्या इतर सर्व रीती शेवटी हिच्यावरच पारखून घ्याव्या लागतात, म्हणून हिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

चौकट अर्धा मीटर बाजूची, म्हणजे ०.२५ चौरस मीटरची असावी. फार विरळ किंवा मोठ्या गड्ड्यांच्या वनस्पतींसाठी एक चौरस मीटरची घ्यावी. उंच नळ किंवा पाणकणसाच्या दाटीत चारही बाजू बंद असलेली चौकट वरून उतरवता येत नाही, म्हणून तीन बाजूंची चौकट करून ती बुंध्याशी आडवी सरकवावी आणि चौथी बाजू काठीने पूर्ण करावी. फुटवा आत आहे की बाहेर, हे तो जेथून उगवला त्या जागेवरून ठरवावे. त्याची पाने कोठे झुकली आहेत यावरून नव्हे. नेमक्या रेषेवर आलेल्या फुटव्यांसाठी आधीच नियम करावा: डाव्या आणि वरच्या रेषेवरचे मोजायचे, उजव्या आणि खालच्या रेषेवरचे सोडायचे.

वाफ्यात थेट पाय ठेवून फिरू नये. खडी दाबली गेली की पाण्याचा मार्ग बदलतो आणि मोजण्यासाठी गेलेला माणूसच मोजायची गोष्ट बिघडवतो. आडव्या फळ्या टाकून त्यांवरून काम करावे. सांडपाण्यात रोगजंतू असतात आणि पाणकणीस, लव्हाळे यांच्या पानांच्या कडा हात कापतात, त्यामुळे लांब हातमोजे आणि बूट हवेतच. काम झाल्यावर अवजारे धुतल्याखेरीज दुसऱ्या वाफ्याकडे नेऊ नयेत.

फुटवे खडीच्या पृष्ठापासून ठरावीक उंचीवर कापावेत आणि ती उंची प्रत्येक वेळी तीच ठेवावी. कापलेल्या मालातून जिवंत आणि मेलेला भाग तेथेच वेगळा करावा, कारण पिशवीत एक दिवस राहिल्यावर दोन्ही सारखेच कोमेजलेले दिसतात. मग ओले वजन करावे. सगळा माल ओव्हनमध्ये मावत नाही, म्हणून तो बारीक कापून नीट मिसळावा आणि त्यातून सुमारे २५० ग्रॅमचा उपनमुना घ्यावा. केवळ शेंड्याची पाने घेतली तर पाण्याचे प्रमाण जास्त येते आणि केवळ जून खोड घेतले तर कमी येते. म्हणून मिसळण्याची पायरी गाळू नये.

उपनमुना ६० ते ७० अंश सेल्सिअसला, वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा. याला बहुधा दोन ते तीन दिवस लागतात. जाड खोडे उभी चिरून ठेवली तर वेळ वाचतो. लागोपाठ दोन वजनांत एक टक्क्याहून कमी फरक आला की नमुना वाळला असे समजावे. याच नमुन्याचे पुढे रासायनिक पृथक्करण करायचे असेल, तर १०५ अंशाचा मोह टाळावा, कारण त्या तापमानाला काही बाष्पशील घटक निघून जाण्याचा धोका असतो. कागदी पिशवीचे वजन वेगळे करून वजा करावे, आणि तेही पिशवी ओव्हनमध्ये वाळवूनच, कारण कागदातही ओलावा असतो.

आता हिशेब पाहू. समजा एका चौकटीतून १,९०० ग्रॅम ओला माल निघाला आणि २५० ग्रॅमचा उपनमुना वाळून ५२ ग्रॅम झाला. ५२ भागिले २५० म्हणजे ०.२०८, याला १,९०० ने गुणल्यास ३९५ ग्रॅम कोरडे वजन मिळते. अशा आठ चौकटींची वजने ३१०, ४२०, ३८०, ५१०, २९०, ४५०, ३६० आणि ४८० ग्रॅम आली असे धरू. सरासरी ४०० ग्रॅम, प्रमाण विचलन सुमारे ७९ ग्रॅम आणि सरासरीची प्रमाण त्रुटी (प्रमाण विचलन भागिले नमुन्यांच्या संख्येचे वर्गमूळ) सुमारे २८ ग्रॅम येते. आठ नमुन्यांसाठी ९५ टक्के विश्वासाच्या पातळीवरचा गुणक २.३६५ आहे, म्हणून उत्तर ४०० अधिक-उणे ६६ ग्रॅम असे लिहावे. चौरस मीटरला हे १,६०० अधिक-उणे २६४ ग्रॅम होते आणि वाफा २०० चौरस मीटरचा असल्यास एकूण ३२० अधिक-उणे ५३ किलो. अहवालात नुसते '३२० किलो' लिहिणे हा शिष्टाचार रूढ झाला आहे, पण तो सोडलेला बरा: पुढच्या वेळी ३४० किलो आले, तर या दोन अंदाजांतील फरकाला वाढ म्हणता येणार नाही.

चौथी पायरी: न कापता अंदाज करणे

दर पंधरा दिवसांनी चौकटी कापत राहिलो, तर लहान वाफ्यात हंगामाअखेर मोजण्यासारखे काही उरणार नाही. म्हणून एकदा कापून नाते बसवावे आणि नंतर ते नाते वापरून उभ्या फुटव्यांवरून वजन काढावे.

यासाठी तीस ते चाळीस फुटवे निवडावेत. यांतही सगळे मध्यम आकाराचे न घेता अगदी कोवळ्यापासून सर्वांत मोठ्यापर्यंत सर्व आकार आणावेत. प्रत्येकाचा बुंध्याजवळचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने आणि शेंड्यापर्यंतची उंची पट्टीने मोजावी, मग कापून प्रत्येकाचे कोरडे वजन स्वतंत्र करावे. व्यासाचा वर्ग गुणिले उंची ही संख्या आणि कोरडे वजन या दोन्हींचे नैसर्गिक लॉगरिदम काढून त्यांच्यात सरळ रेषा बसवावी. संगणकावरील कोणत्याही तक्त्याच्या प्रणालीत हे होते. या रेषेवरून वजन परत काढताना एक बारकावा हमखास निसटतो: लॉगरिदमातून परत आणलेले वजन पद्धतशीरपणे कमी येते. अवशिष्ट विचलनाचा, म्हणजे बिंदू रेषेपासून जितके विखुरले आहेत त्याच्या मापाचा, वर्ग करून त्याची निम्मी संख्या घ्यावी, e (सुमारे २.७१८) या संख्येचा तितका घात काढावा आणि आलेल्या आकड्याने वजन गुणावे. विचलन ०.३ असल्यास हा गुणक सुमारे १.०४६ येतो, म्हणजे दुरुस्ती न केल्यास अंदाज साडेचार टक्क्यांनी कमी पडला असता.

नाते बसले की कायमच्या चौकटी आखून, त्यांचे कोपरे खुंट्यांनी पक्के करून, ठरल्या दिवशी सर्व फुटवे मोजावेत आणि प्रत्येक चौकटीतील दहा फुटव्यांना रंगीत पट्ट्या बांधून त्यांची जाडी-उंची घ्यावी. एका वनस्पतीचे नाते दुसरीला लावू नये. कर्दळीचे 'खोड' हे पुष्कळसे पानांच्या आवरणांचे बनलेले आणि पाण्याने भरलेले असते, नळाचे खोड पोकळ पण काष्ठमय असते. जाडी सारखी असूनही त्यांच्या कोरड्या वजनात मोठे अंतर पडते. एकाच वनस्पतीतही फुलोरा आल्यानंतर नाते बदलते, म्हणून हंगामात निदान दोनदा ते पडताळावे.

ड्रोनवरून घेतलेल्या प्रतिमांविषयी अलीकडे बरीच विचारणा होते. वाफ्याचा किती भाग झाकला गेला आणि कोठे रिकाम्या जागा पडल्या, हे त्या उत्तम दाखवतात. परंतु हिरवेपणाचा निर्देशांक पाने दाट झाली की जवळजवळ स्थिर होतो आणि त्यानंतर वजन दुप्पट झाले तरी फारसा हलत नाही. पूर्ण वाढलेली पाणथळ नेमकी याच अवस्थेत असते. म्हणून नवख्याने ड्रोनपासून सुरुवात करू नये, असे माझे मत आहे.

तरंगत्या वनस्पती

जलपर्णीसारख्या तरंगत्या वनस्पतींची मोजणी सोपी आहे. तळाला जाळी लावलेली एक चौरस मीटरची तरंगती चौकट घ्यावी, ठरावीक वजनाची रोपे तीत सोडावीत आणि काही दिवसांनी चौकट उचलून, दर वेळी तितकीच मिनिटे निथळू देऊन पुन्हा वजन करावे. निथळण्याचा वेळ बदलला तर केवळ मुळांना चिकटलेल्या पाण्यामुळे आकडा बदलतो. सापेक्ष वाढीचा दर म्हणजे नंतरच्या आणि आधीच्या वजनांच्या नैसर्गिक लॉगरिदमांतील फरक भागिले दिवस. ०.८ किलोचे दहा दिवसांत १.३ किलो झाले, तर दर दिवसाला ०.०४९ येतो आणि वजन दुप्पट व्हायला सुमारे १४ दिवस लागतील. अर्थात हा दर मोकळ्या जागेतील आहे. पृष्ठभाग भरत गेला की तो घसरतो, त्यामुळे त्यावरून पुढच्या वर्षाचे वजन काढणे हास्यास्पद ठरते.

पाचवी पायरी: मुळे आणि कंद

खालचा भाग मोजायला कोणालाच आवडत नाही, आणि त्याचा अंदाज चुकवण्याची किंमत पूर्वी मोजली गेली आहे. १९५० च्या दशकात जर्मनीत केटे झायडेल यांनी पाणवनस्पतींनी सांडपाणी शुद्ध करण्याचे प्रयोग सुरू केले. पुढे रायनहोल्ट किकुट यांनी मातीच्या वाफ्यात नळ लावण्याची पद्धत पुढे आणली. नळाची मुळे आणि कंद वाढून चिकट मातीतून पाणी सहज वाहू लागेल, अशी त्यामागे अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती पुरी झाली नाही. अनेक वाफ्यांत पाणी मुळांमधून न जाता पृष्ठावरून वाहू लागले आणि पुढे मातीच्या जागी खडी आली.

मोजणीची नेहमीची रीत म्हणजे पोकळ नळकांडे ठोकून उभा गाभा काढणे, तो थरांत कापणे, चाळणीवर धुणे आणि जिवंत मुळे वेगळी करून वाळवणे. जिवंत कंद टणक आणि आतून पांढुरके असतात, मेलेले मऊ, काळपट आणि पोकळ होतात. येथे गुणाकाराचे भान ठेवावे. १० सेंटीमीटर व्यासाच्या नळकांड्याचे क्षेत्रफळ फक्त ७८.५ चौरस सेंटीमीटर असते, म्हणजे चौरस मीटरचा अंदाज काढताना प्रत्येक ग्रॅम सुमारे १२७ पट होतो. पाच ग्रॅमचा एक कंदाचा तुकडा गाभ्यात आला की नाही, एवढ्यावरून अंदाज चौरस मीटरला ६०० ग्रॅमहून अधिक हलतो. म्हणून दोन-तीन गाभ्यांवर निष्कर्ष काढण्यापेक्षा मुळांविषयी न बोललेले बरे.

खडीच्या वाफ्यात नळकांडे शिरतच नाही. तेथे लागवडीच्या वेळीच काही रोपे मोठ्या छिद्रांच्या जाळीदार टोपल्यांत, त्याच खडीत लावून ठेवावीत आणि ठरल्या तारखांना एकेक टोपली उचलून धुवावी. टोपलीबाहेर गेलेली मुळे तुटतात, म्हणून हा अंदाज थोडा कमीच येतो. पण ती चूक दर वेळी एकाच दिशेची असते आणि तुलनेला फारशी बाधा आणत नाही. मुळे किती खोल गेली हेही याच वेळी नोंदवावे. खडी ६० सेंटीमीटर खोल असली, तरी मुळांचा बहुतेक भार वरच्या २० ते ३० सेंटीमीटरमध्ये सापडणे सामान्य आहे.

सहावी पायरी: तारखा, आणि उभा साठा म्हणजे उत्पादन नव्हे

दोन ते चार आठवड्यांचे अंतर बहुतेक कामांना पुरते. ज्या हवामानात थंडीत वरचा भाग वाळतो, तेथे हंगामातील सर्वांत मोठा उभा साठा (त्या दिवशी वाफ्यावर उभे असलेले कोरडे वजन) हा वर्षाच्या उत्पादनाचा अंदाज म्हणून वापरण्याची प्रथा आहे. हा अंदाज खऱ्या उत्पादनापेक्षा कमी असतो, कारण त्या तारखेपर्यंत गळून पडलेली पाने आणि मेलेले फुटवे त्यात नसतात. चौकटीत पडलेला पालापाचोळा दर वेळी गोळा करून वजनात मिळवल्यास ही तूट बरीचशी भरून निघते. वर्षभर उबदार राहणाऱ्या हवामानात तर असा शिखराचा दिवसच नसतो: जुने फुटवे मरतात, नवे येतात आणि एकूण साठा महिनोन्महिने तेवढाच दिसतो. तेथे फुटव्यांना जन्मतारखेप्रमाणे वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या बांधून, कोणत्या पिढीने मरेपर्यंत किती वजन केले, याचा हिशेब ठेवावा लागतो. वर्षातून दोन-तीनदा कापणी होत असेल, तर सर्व कापण्यांच्या वजनांची बेरीज करावी.

नव्या वाफ्याच्या पहिल्या वर्षाचे आकडे पुढच्या वर्षांना लावू नयेत. नळासारख्या वनस्पतीला पूर्ण साठा गाठायला दोन ते चार हंगाम लागू शकतात.

सातवी पायरी: वाढीवरून नत्र आणि स्फुरद

पृथक्करणातून आलेले नत्राचे शेकडा प्रमाण कोरड्या वजनाला लावले की साठा मिळतो. पानांचे आणि खोडाचे पृथक्करण वेगवेगळे करावे, कारण पानांत नत्राचे प्रमाण बरेच जास्त असते. वरच्या उदाहरणात चौरस मीटरला १,६०० ग्रॅम वजन आणि सरासरी २ टक्के नत्र धरल्यास ३२ ग्रॅम नत्र होते. त्याच वाफ्यावर दररोज ४ सेंटीमीटर उंचीइतके पाणी येत असेल आणि त्यात लिटरला ४० मिलिग्रॅम नत्र असेल, तर चौरस मीटरला दिवसाला १.६ ग्रॅम, म्हणजे वर्षाला ५८४ ग्रॅम नत्र येते. वनस्पतींचा वाटा साडेपाच टक्के! बाकीचे काम मुख्यतः मुळांवर आणि खडीवर राहणारे सूक्ष्मजीव करतात. तेच पाणी आधीच शुद्ध होऊन लिटरला ८ मिलिग्रॅम नत्रावर आलेले असेल, तर वर्षाचा भार ११७ ग्रॅमवर येतो आणि तोच साठा २७ टक्के ठरतो. म्हणून 'वनस्पती किती नत्र काढतात' या प्रश्नाचे उत्तर वाफ्यावर येणारा भार सांगितल्याशिवाय देऊ नये.

कापणीची तारीखही या हिशेबाला लागून येते. ऊतींमधील नत्राचे प्रमाण कोवळेपणी सर्वाधिक असते आणि वय वाढेल तसे घटते, त्यामुळे नत्राचा साठा वजनाच्या शिखराआधीच शिखर गाठतो. हंगाम संपताना नळ आणि पाणकणीस पानांतील नत्र-स्फुरदाचा मोठा भाग कंदांत परत नेतात. अन्नद्रव्ये वाफ्याबाहेर काढणे हा हेतू असेल, तर पाने हिरवी असतानाच, साठ्याच्या शिखराच्या सुमारास कापणी करावी. मात्र दरवर्षी तशी कापणी केल्यास कंदांतील राखीव साठा कमी होऊन पुढील वाढ खुंटू शकते, म्हणून वाफ्याचे पट्टे पाडून ते आळीपाळीने कापावेत आणि कापलेल्या पट्ट्यांत पुढच्या हंगामी फुटवे किती आले याची चौकटींमध्ये वेगळी नोंद ठेवावी.